गॅकला फुलं ढीगभर, फळ एकही नाही: नवीन बी लावायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलुंडला सातव्या मजल्यावर पूर्वेकडच्या बाल्कनीत तुम्ही मागच्या वर्षी गॅकच्या (कर्टुल्याच्या घरातला, मोठ्या काटेरी नारिंगी-तांबड्या फळाचा वेल) चार बिया लावल्या, तीन कुजल्या, एक उगवली, तिचा वेल ग्रिलभर पसरला, यंदा पावसाळ्यात फुलंही भरपूर आली पण फळ एकही धरलं नाही, फूल उमलतं आणि एक-दोन दिवसांत गळून पडतं. नर्सरीवाल्याने बोरॉन (झाडाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) मारायला सांगितलं, तेही मारून झालं. आता अजून सहा बिया ऑनलाइन मागवल्यात आणि विचारताय की त्या कशा रुजवायच्या, कुठलं खत घातलं की फळ धरेल, आणि शेजारच्या काकू म्हणतात हे विषारी असतं ते खरं का.

खताचं आधी मिटवून टाकू. खताचा इथे काही संबंध नाही. तुम्ही लिहिलंय की फुलाच्या खाली देठावर हिरव्या पानासारखी वाटी आहे आणि कळी त्या वाटीत गुंडाळलेली असते. ही वाटी नर फुलाची खूण आहे. तुमचा वेल नर आहे, त्याला बोरॉन मारा, केळ्याच्या सालींचं पाणी घाला, ताक घाला, काहीही घाला, तो फळ देणार नाही. बोरॉन परागाची नळी वाढायला मदत करतं हे बरोबर, पण पराग जाऊन पडायला मादी फूल तर पाहिजे ना. आणि कुंडीत बोरॉन पुन्हा पुन्हा मारू नका, थोडं जरी जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात, तुमच्या दुसऱ्या फोटोत तसं थोडं दिसतंयच.

मुंबईत हा घोळ होतो कारण आपण दुधी, दोडका, कारलं, भोपळा यांच्यावर शिकलेलो असतो. तिथे एकाच वेलावर नर फुलं आणि मादी फुलं दोन्ही येतात, त्यामुळे एक वेल लावला की झालं. गॅक आपल्या कर्टुल्याच्या घरातला आहे, दोघांचं शास्त्रीय नाव मोमोर्डिकानेच सुरू होतं, आणि कर्टुल्यासारखेच याचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. पावसाळ्यात स्टेशनबाहेर पालघरकडच्या बायका कर्टुली घेऊन बसतात ती रानातली असतात, रानात दोन्ही वेल आजूबाजूला असतात म्हणून आपल्याला कधी हा प्रश्न पडत नाही. बाल्कनीत एकच वेल असला की हा प्रश्न पडतो.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. उद्या सकाळी एक कळी हातात घ्या आणि मागून बघा. नर कळीचा देठ सरळसोट, मध्ये कुठेही गाठ नाही, आणि अगदी फुलाला चिकटून ती हिरवी वाटी. मादी कळीला फुलाच्या बुडाशी बोटाच्या पेरापेक्षाही लहान, हिरवं, मऊ काट्यांचं छोटं फळच असतं, उमलायच्या आधीपासून, आणि वाटी असलीच तर अगदी बारीक आणि देठावर खाली कुठेतरी. समोरून दोन्ही फुलं जवळपास सारखी दिसतात, फिकट क्रीम पिवळ्या पाकळ्या आणि आत बुडाशी काळपट जांभळे डाग, म्हणून समोरून काढलेल्या फोटोवरून कोणी तुम्हाला नर-मादी सांगत असेल तर ऐकू नका.

आता खरा प्रश्न. तुम्हाला फळ पाहिजे की बियांपासून वाढवायची मजा पाहिजे? दोन्ही पाहिजे असेल तर ठीक, पण रस्ते वेगळे आहेत. बी बघून, रोप बघून, पान बघून नर का मादी ते कळत नाही. चपटी बी नर, फुगीर बी मादी, असं विकणारे लोक आहेत, त्यावर एक रुपया जास्त देऊ नका. फूल येईपर्यंत थांबायचं, आणि बियांपासून फूल यायला ऊन चांगलं आणि कुंडी मोठी असेल तर काही महिने, नाहीतर दुसरा सीझन उजाडतो.

हिशोब असा करा. बियांमधून नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात असं धरू. नर तुमच्याकडे आहेच, तुम्हाला निदान एक मादी पाहिजे. सहापैकी चार रोपं जगली तर चारही नर निघायची शक्यता सोळात एक, म्हणजे काळजी नाही. तीन जगली तर आठात एक. दोनच जगली तर चारात एक, आणि एकच जगलं तर चित किंवा पट. म्हणून उगवण नीट होणं इथे फार महत्त्वाचं आहे, मागच्या वेळसारख्या तीन कुजून चालणार नाहीत. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हीच सगळ्यात कामाची आहे. तो नर वेल उपटू नका. बरेच लोक नर निघाला कळलं की वैतागून काढून टाकतात. त्याला वर्षभराचं मूळ आहे, खाली कंद धरलेला असणार, आणि या कंदातून तो दर वर्षी फुटेल, हा काही दुधीसारखा एका सीझनचा वेल नाही. त्याच मुळावर मादी फांदीचं कलम बांधता येतं. एक फांदी नर ठेवायची, बाकी मादी. एका कुंडीत, एका मुळावर दोन्ही. ज्याच्याकडे फक्त एक बाल्कनी आहे त्याच्यासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. केरळात गॅकची लागवड बरीच झाली आहे, तिथल्या नर्सऱ्या मादी कलमं किंवा मादी छाट्यांची रोपं कुरियरने पाठवतात, ती बियांपेक्षा महाग पडतात पण निदान नर-मादीचा जुगार नाही. घेताना एकच विचारायचं, हे रोप फळ दिलेल्या वेलाच्या छाटापासून केलंय का. बियांचं रोप असेल आणि तो म्हणत असेल मादी आहे, तर फोन ठेवून द्या.

कलम कसं बांधायचं ते सांगतो, अवघड नाही. वेळ मार्च-एप्रिल, वेल नव्याने फुटायला लागला की. नर वेलाची पेन्सिलीएवढी जाड फांदी जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवी कापा आणि मधोमध इंचभर खाली चीर द्या. मादी फांदीचा तेवढ्याच जाडीचा, एक-दोन डोळे (नवी फूट येते त्या जागा) असलेला तुकडा घ्या, पान काढून टाका, खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासा, एका फटक्यात, नवीन ब्लेडने, किचनच्या सुरीने नाही. पाचर चिरेत बसवा, निदान एका बाजूची साल सालीला जुळली पाहिजे, वर कलमाची टेप घट्ट गुंडाळा आणि सगळ्यावर छोटी प्लास्टिकची पिशवी उलटी घालून खाली सैलसर बांधा. ऊन लागू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुगला तर लागलं. काळा पडला तर खाली कापून परत करा, नर वेलाला काही फरक पडत नाही. कलमाच्या खालून नर फुटवे येत राहतील ते काढत राहायचे, ठेवलेली एक फांदी सोडून.

आता बिया. आत्ता नोव्हेंबर चालू आहे, बिया लगेच भिजवायला घेऊ नका. कोरड्या कागदात गुंडाळून, काचेच्या बरणीत, घरातल्या थंड कपाटात ठेवा आणि फेब्रुवारीचा शेवट, मार्चची सुरुवात यात लावा. कारण सांगतो. गॅकच्या बीला उगवायला ऊब लागते, 28 ते 32 अंशांच्या आसपास तिला बरं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत रात्री सतरा-अठरापर्यंत खाली जातं, बी नुसती ओली बसून राहते आणि बुरशी धरते. जूनमध्ये लावली तर ऊब असते पण हवा एवढी दमट की परत तेच. मार्चमध्ये लावली की जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत वेल तीन-चार फूट झालेला असतो, खोड थोडं निबर झालेलं असतं, आणि मग पाऊस त्याला मारत नाही तर वाढवतो. मुंबईच्या बाल्कनीतलं वेलाचं निम्मं गणित हेच असतं, पावसाच्या आधी कोण किती मोठा झालाय.

बिया आल्या की बघून घ्या, खऱ्या आहेत का. गॅकची बी चांगली दोन-अडीच सेंटिमीटरची, चपटी, गडद तपकिरी ते काळी, कडेला बोथट दाते आणि वर खोदल्यासारखी नक्षी, छोट्या कासवाच्या पाठीसारखी दिसते. कारल्याची बीसुद्धा नक्षीदार असते पण ती लहान आणि रंगाने फिकट, आणि गॅक म्हणून कारलं पाठवणारे आहेत. हातात घेऊन कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल किंवा बी कागदासारखी हलकी लागत असेल तर आतला गर सुकलाय. पाण्यात टाकून तरंगली की फेकायची ही नेहमीची टेस्ट इथे करू नका, टरफल जाड आणि आत थोडी पोकळी, चांगली बीसुद्धा तरंगते.

तुमच्या तीन बिया कुजल्या त्या बहुतेक टरफलामुळे. टरफल लाकडासारखं आहे, तसंच मातीत टाकलं तर पाणी आत जायला आठवडे लागतात आणि तोपर्यंत माती ओली ठेवून ठेवून आपण बुरशीची सोय करतो. उलट काही लोक टरफल पूर्ण काढून नागडा गर मातीत टाकतात, तो तर दोन दिवसांत बुळबुळीत होतो. मधला रस्ता घ्यायचा. बी उभी धरायची, कडेच्या दात्यांवर छोट्या पक्कडीने हलकेच दाब द्यायचा, जोर हळूहळू वाढवायचा, "टक्" असा आवाज आला की लगेच सोडायचं. कडेला केसाएवढी चीर दिसली की बास. दोन्ही लांब कडांना एकेक चीर पुरते. टोकाकडची बाजू सोडा, अंकुर तिथूनच येतो, तिथे पक्कड लागली तर बी गेली. आतला गर पातळ पापुद्र्यात असतो, तो पापुद्रा फाटू देऊ नका. पक्कडीची भीती वाटत असेल तर नेलकटरची कानस किंवा सँडपेपर घेऊन कड घासत बसा, वेळ जातो पण हात थरथरत असेल तर तेच बरं.

मग कोमट पाण्यात एक रात्र. सकाळी काढून ट्रायकोडर्मा पावडरमध्ये (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घोळवा, कुठल्याही नर्सरीत मिळते, पाव किलोचं पाकीट घेतलंत तर पुढे कंदालाही कामी येईल. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवा, मुठीत दाबून पाणी काढा, दाबल्यावर थेंब पडता कामा नये, नुसतं गार लागलं पाहिजे. मिठाईच्या पारदर्शक डब्यात हे कोकोपीट, त्यात बिया आडव्या, वर पातळ थर, झाकण लावून डबा उबेला. फ्रिजच्या मागे किंवा वायफायच्या राउटरवर छान ऊब असते. रोज एकदा झाकण उघडून वारा द्या आणि वास घ्या. आंबूस वास आला तर ज्या बीतून येतोय ती लगेच बाहेर. आठवड्यात कोंब दिसू शकतो, तीन-चार आठवडेही लागतात, सहाही बिया एकदम फुटतील अशी अपेक्षा ठेवू नका, आणि दोन फुटल्या म्हणून बाकीच्या फेकू नका.

मूळ सेंटिमीटरभर दिसलं की डब्यात ठेवू नका, लगेच ग्लासात घ्या, भोकं पाडलेले कागदी ग्लास चालतील, मूळ खाली, बी दोन-तीन सेंटिमीटर खोल. टरफल डोक्यावर घेऊन वर आलं तर ओढून काढू नका, पाण्याचा थेंब टाकून मऊ करा आणि सुटेल तेव्हा सुटू दे. दोन खरी पानं आली की पहिली सकाळची उन्हं, मग हळूहळू जास्त.

जागेचं मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. हा वेल जमिनीत पंधरा-वीस मीटर जातो. पूर्वेची बाल्कनी म्हणजे सकाळी साडेदहा-अकरापर्यंत ऊन, समोर टॉवर असेल तर तेही नाही. चार-पाच तास थेट ऊन असेल तर फळ धरेल, थोडी धरतील. त्याहून कमी असेल तर वेल हिरवागार राहील, दिसायला फार छान दिसेल, तीन ते पाच भागांची मोठी पानं, उन्हाळ्यात घरात गारवा, पण फळाची आशा ठेवू नका. सहाही रोपं बाल्कनीत बसणार नाहीत हे तर उघड आहे. सोसायटीच्या टेरेसवर परवानगी मिळत असेल तर दोन तिकडे, गावाला घर असेल तर दोन तिकडे कुंपणाला, कोणी मित्र असेल तर एखादं त्याला. ज्याला मादी फुलं येतील त्याचा छाट घेऊन तुमच्या नर वेलावर बांधायचा, सगळं रोप उचलून आणायची गरजच नाही. म्हणून बाहेर दिलेल्या प्रत्येक रोपाला नंबर बांधा आणि ज्याला दिलं त्याला सांगून ठेवा, फूल आलं की मागून फोटो काढ म्हणून.

कुंडी. तुमचा वेल रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात आहे, तो एवढा पसरला हेच नवल. निदान साठ लिटर पाहिजे, निळा ड्रम अर्धा कापून घ्या, तळाला आठ-दहा भोकं आणि बाजूला तळापासून दोन इंचांवर अजून चार, कारण तळाची भोकं फरशीला चिकटून बंद होतात. माती निम्मी, शेणखत किंवा गांडूळखत पाव, उरलेलं कोकोपीट आणि जाडी वाळू मिळून, वर दोन मुठी नीमपेंड. साठ लिटर ओल्या मातीचं वजन सत्तर-ऐंशी किलो होतं, ते ग्रिलच्या बाहेर काढलेल्या फळीवर ठेवू नका, आतल्या बाजूला भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात ड्रमखालची थाळी काढून टाका, एकतर साचलेल्या पाण्याने कंद सडतो आणि दुसरं म्हणजे महापालिकेचे लोक डासांच्या अळ्या बघायला घरी येतातच.

खत म्हणाल तर वेल वाढत असताना महिन्याला दोन मुठी गांडूळखत, कळ्या दिसल्या की नत्राचं काही नको, युरिया तर नाहीच, नाहीतर पानंच पानं येतात. तेव्हा पोटॅश असलेलं काहीतरी द्या, बस्स. डिसेंबरनंतर पानं पिवळी पडून वेल थंड पडल्यासारखा होईल, घाबरून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. जानेवारीच्या शेवटी दोन-तीन फुटांवर छाटून टाका, उन्हाळा लागला की फुटतो.

मादी फूल आलं की पुढचं काम तुमचं. सातव्या मजल्यावर मधमाशी येईल का, येईल कधीतरी, तिच्या भरवशावर राहू नका. फुलं पहाटे उमलतात. आदल्या संध्याकाळी कळ्या बघून ठेवा, उद्या उमलणारी कळी फुगलेली आणि रंगाने फिकट झालेली असते. पाऊस चालू असेल तर मादी कळीवर कागदाची छोटी पिशवी चढवून ठेवा, कारण पाणी लागलं की पराग गेला. सकाळी सात-आठच्या आत, ऑफिसला निघायच्या आधी, एक ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवून काढून टाका, मधला पिवळा भाग बोटावर घासून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. ती पूड मादी फुलाच्या मधल्या भागावर, तिथे तीन भागांचा चिकट गोळा असतो, चारी बाजूंनी हलकेच फिरवा. एका नर फुलाच्या परागात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. पिशवी परत चढवा आणि दोऱ्याने खूण बांधा. चार-पाच दिवसांत खालचं छोटं फळ पिवळं पडून गळलं तर जमलं नाही, हिरवं राहून फुगायला लागलं आणि वजनाने देठ खाली वाकला तर जमलं. शेतात साधारण दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात, तेव्हा तुमची ती एक नर फांदी भरपूर आहे, तिला छाटून लहानच ठेवा.

कर्टुल्याचा नर वेल शेजारी लावून गॅकचं काम भागेल का, असंही बरेच जण विचारतात. त्यावर भरवसा ठेवू नका. जात वेगळी, आणि नेहमीचं कर्टुलं फुलतंच संध्याकाळी, गॅक पहाटे, दोघांची गाठच पडत नाही. सह्याद्रीत कर्टुल्याची एक मोठ्या पिवळ्या फुलांची जात आहे, मोमोर्डिका सह्याद्रिका, ती मात्र सकाळी फुलते, फूल इतकं देखणं की नुसत्या शोभेसाठीही लावावं, पण तिचाही उपयोग गॅकच्या फळासाठी धरू नका.

फळ लागलं की शत्रू एकच, फळमाशी. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, वरून काही दिसत नाही आणि आतून फळ सडतं. फळ लिंबाएवढं झालं की जुन्या सुती कापडाची किंवा जाळीची पिशवी घाला, खालून बांधा. सापळा लावायचा तर दुकानदाराला क्यू-ल्यूरचा (माशीला ओढून घेणारं आमिष) मागा. तो बऱ्याचदा मिथाईल युजेनॉलचा देतो, तो आंब्यावरच्या माशीचा, वेलवर्गीय फळांच्या माशीला त्याचा उपयोग नाही. पानांवर तांबडे भुंगेरे आले तर सकाळी गारव्यात हाताने वेचा, ते तेव्हा सुस्त असतात. भुरी (पानांवर पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) आली तर आतली दाट पानं काढून वारा खेळू द्या, औषधाचं नंतर बघू.

फळ पिकायला परागीभवनापासून साधारण नऊ ते बारा आठवडे. हिरवं, मग पिवळं, नारिंगी आणि शेवटी तांबडं. वजन अर्धा किलोपासून दीड-दोन किलोपर्यंत जातं म्हणून लहान असतानाच जाळीच्या झोळीत घेऊन ग्रिलला टांगा, कांद्याची जाळी मस्त चालते. शोभेचं म्हणाल तर हिरव्या पानांत लटकलेलं ते काटेरी नारिंगी फळ बघायला सगळी बिल्डिंग येते. पूर्ण रंग आल्यावर, बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागलं की तोडा, त्याहून जास्त ठेवाल तर एका रात्रीत पिचकतं.

आता काकूंचा मुद्दा. काकू अर्ध्या बरोबर आहेत. गॅकची बी खायची नाही. तिच्यात विषारी प्रथिनं असतात, चिनी औषधात ती वापरतात पण ते प्रक्रिया करून, वैद्याच्या हाताने, तो आपला विषय नाही. घरात लहान मुलं असतील तर फळ कापल्यावर बिया मोजून बाजूला काढा. पण बीभोवती जो लालभडक, तेलकट, मऊ गर असतो तोच खायचा भाग, व्हिएतनाममध्ये लग्नात आणि त्यांच्या नवीन वर्षाला चिकट तांदळात तो मिसळून लाल भात करतात. त्या गरात लायकोपीन आणि बीटा कॅरोटीन (लाल-नारिंगी रंग देणारी द्रव्यं) भरपूर असतं, टोमॅटोपेक्षा लायकोपीन कितीतरी जास्त, आणि ते अंगी लागायला तूप-तेल लागतं. यावरून कॅन्सर बरा होतो, चष्मा जातो असं जे फॉरवर्ड येतं ते सोडून द्या, रंगीत भाजी आहे, भाजी म्हणून खा.

चव फार काही नाही हेही सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षाभंग नको. गोड नाही, आंबट नाही, थोडी गाजर-भोपळ्याच्या अंगाने जाते. मी सुचवेन ते असं, हातात ग्लोव्हज घाला कारण रंग बोटांना आणि ओट्याला धरतो, फळ उभं कापा, लाल गर बियांसकट वाटीत काढा, चमचाभर तुपात मंद गॅसवर दोन मिनिटं हलवा म्हणजे बिया सुट्या होतात, त्या मोजून काढून टाका आणि उरलेला लगदा भातात किंवा शिऱ्यात घाला. नारळीभातात घातला तर केशराची आठवण येणार नाही असा रंग येतो. उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीझ करा. लाल गराबाहेरचा पिवळा जाड भाग खाता येतो, पण बेचव, रस्साभाजीत ढकलून द्या, साल मात्र फेका. हिरवं कोवळं फळ काटे तासून कर्टुल्यासारखं परतून छान लागतं, आतल्या बिया कोवळ्या असल्या तरी काढून टाका, आणि कोवळे शेंडे पालेभाजीसारखे शिजवतात. म्हणजे मादी मिळेपर्यंत तुमचा नर वेलसुद्धा ताटात येऊ शकतो. बोरॉन मारलंय म्हणून यंदाचे शेंडे सोडा, छाटणीनंतर नवीन फुटतील ते घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर जानेवारीत हा वेल छाटून मोठ्या ड्रममध्ये हलवला असता, मार्चसाठी केरळातून एक मादी रोप मागवून त्याची फांदी यावर बांधली असती, आणि सहा बिया त्याच वेळी रुजवून बघितल्या असत्या, निव्वळ हौस म्हणून. ड्रममध्ये हलवताना कंदाला फावडं लागू देऊ नका, डबा आडवा करून बाजूने कापा आणि मातीचा गोळा अख्खा उचला. आणि ऊन कमी पडतंय असं फेब्रुवारीत लक्षात आलं तर हे सगळं टेरेसवर न्यायची परवानगी आत्ताच मागून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगला वेळ लागतो.